पोट सोडा

टेप पोटाभोवती आली आणि मी पोट आत ओढून घेतलं. ठरवून नाही; फोटो काढताना जसं आपोआप होतं, तसं. स्लीप टेस्टच्या आधीची मापं चालली होती. वजन झालं, उंची झाली (मागच्या खेपेपेक्षा एक सेंटीमीटर कमी भरली, ते दुःख वेगळं) आणि आता कंबर. टेक्निशियन मुलगी माझ्या लेकीच्या वयाची असेल. तिने टेप धरून ठेवली, पण आकडा काही वाचला नाही. नुसती थांबली. मीही थांबलो. माझा श्वास छातीत कोंडलेला, तिची नजर टेपवर, भिंतीवरच्या घड्याळाची टकटक. शेवटी ती न हसता म्हणाली, "काका, पोट सोडा. टेपला फसवून काय मिळणार?" मी श्वास सोडला, पोट आपल्या जागी परतलं आणि तिने पलीकडे टेबलाशी बसलेल्या मुलाला आकडा सांगितला, "एकशे सहा." मग गळा. मान सरळ, नजर समोर, टेप कंठमण्याच्या जरा खाली, कातडीला जेमतेम टेकलेली. "त्रेचाळीस."

मुलाने लिहून घेतलं. मान वर न करता.

त्या रात्री अंगाला दोन डझन वायरी चिकटवून मी तिथेच झोपलो, सकाळी डोक्यातला चिकट डिंक धुऊन घरी आलो, पण मनात राहिलं ते "पोट सोडा". १०६ या आकड्याचं मला फारसं काही वाटलं नाही. पट्ट्याला नवी भोकं मीच पाडलेली, आकडा अंदाजाने माहीत होताच. सलत होतं ते वेगळंच. ही मुलगी मला बरं करायच्या कामातला पहिला टप्पा करत होती. रात्री माझा गळा का बंद पडतो, ते शोधायला मीच आपल्या पायांनी तिथे गेलो होतो. मग मी नेमकं कोणाला फसवत होतो? डॉक्टरकडे जाऊन ताप लपवावा, तसला हा प्रकार. आणि एवढं करून आत ओढून किती ओढणार होतो? तीन सेंटीमीटर? चार?

आमची आत्या घरी शिवणकाम करायची. मी आठ-नऊ वर्षांचा असताना तिच्याकडे माझी नेमणूक वहीत मापं लिहायला असे. तिच्या टेपची सुरुवातीची दोन इंच झिजून चिंध्या झालेली, म्हणून ती तिसऱ्या इंचापासून मोजायची आणि मनातल्या मनात वजाबाकी करायची. कधी चुकली नाही. माप देणारी बाई जरा अंगाने भरलेली असली की टेप कमरेला लागताच ती हमखास पोट आत घ्यायची. आत्याला ते दिसायचं, पण ती चकार शब्द काढायची नाही. टेप सैल धरून ती काहीतरी विचारायची, "धाकट्याची परीक्षा झाली का हो?" बाई उत्तर द्यायला तोंड उघडायची, बोलता बोलता श्वास सुटायचा आणि त्याच क्षणी आत्याचा अंगठा टेपवर दाबला जायचा. मोठा आकडा ती मोठ्याने सांगायची नाही. टेप गुंडाळत माझ्याजवळ यायची आणि कानात सांगायची. गळ्याचं माप घेताना मात्र टेपच्या आत आपली दोन बोटं घालायची. मी एकदा विचारलं, की असं का, कमरेला नाही घालत ती बोटं? म्हणाली, "माणूस गिळतो, हसतो, हुंदके देतो. गळ्याला जागा लागते."

पुढे कधीतरी वाचनात आलं, की जागतिक आरोग्य संघटनेची कंबर मोजायची पद्धतही तीच आहे. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्यावर टेप, माणूस सैल उभा आणि आकडा वाचायचा तो साधा श्वास सोडून झाल्यावर. आत्याला ही संघटना माहीत असण्याचं काही कारण नव्हतं.

आपल्या भाषेत 'मापं काढणं' याचा एक अर्थ शिवणकामातला आणि दुसरा अर्थ चारचौघांत एखाद्याची लाज काढण्याचा. "माझी मापं काढू नकोस" असं आपण भांडणात म्हणतो, तेव्हा टेप कुठेच नसते. माझी मापं आयुष्यभर या दुसऱ्या अर्थाने निघत आली. घोरण्यावरून तर विचारू नका. रेल्वेच्या प्रवासात सकाळी उठलो की समोरच्या बाकावरची माणसं माझ्याकडे बघून एकमेकांत हसत आणि मीही त्यांच्याबरोबर हसायचो, कारण दुसरं करणार काय? मीटिंगमध्ये डुलकी लागली की "खाणं अंगावर आलं का साहेबांच्या?" जाडा माणूस झोपला तर तो आळशी, आणि आळशी आहे म्हणूनच जाडा. या गोल उत्तराला कोणी प्रश्न विचारत नाही. मीही विचारला नव्हता. इतकी वर्षं हे ऐकल्यावर टेप दिसताच पोट आत जाणार नाही तर काय होईल?

रिपोर्ट आला तेव्हा त्यात स्लीप अ‍ॅप्निया, म्हणजे झोपेत श्वास पुन्हा पुन्हा अडकण्याचा आजार, निघाला आणि एएचआय ३१ होता. म्हणजे झोपेच्या दर तासाला सरासरी ३१ वेळा श्वास एक तर पूर्ण थांबला किंवा निम्माअर्धा झाला, आणि प्रत्येक वेळी किमान १० सेकंद. पाचाच्या खाली असला तर ठीक, १५पर्यंत सौम्य, ३०पर्यंत मध्यम, त्याच्या पुढे गंभीर. मी एका गुणाने वरच्या वर्गात गेलो होतो. दर दोन मिनिटांनी कोणीतरी गळा दाबतंय, मेंदू दचकून जागा होतोय, गळा सोडवतोय, पुन्हा झोपतोय, आणि सकाळी यातलं काहीही आठवत नाही. रात्रभर स्वतःच्याच छातीवर बसून कुस्ती खेळायची आणि दिवसा लोकांनी म्हणायचं, हा ढाराढूर झोपतो.

डॉक्टरांनी मला तोंड उघडून जीभ बाहेर काढायला सांगितली, आवाज न करता. मल्लंपाटी नावाच्या भूलतज्ज्ञांनी १९८५ साली सुचवलेली ही तपासणी आहे. भूल देताना घशात नळी घालणं किती अवघड जाईल, याचा त्यावरून अंदाज बांधतात. तोंड उघडल्यावर घसा, पडजीभ, टाळू यांतलं किती दिसतं त्यावरून चार वर्ग. माझी पडजीभ दिसतच नव्हती. जिभेच्या डोंगरामागे ती कुठेतरी सूर्यासारखी मावळलेली. चौथा वर्ग. मग त्यांनी कागदावर गळा काढून दाखवला. नाकापासून फुप्फुसापर्यंतच्या वाटेत बाकी सगळीकडे काही ना काही आधार आहे, कुठे हाड, कुठे कूर्चा. फक्त जिभेच्या मागचा तेवढा पट्टा नुसता मऊ. तिथे असलेलं हाड म्हणजे घोड्याच्या नालेच्या आकाराचं एक इवलंसं हायॉइड, आणि तेही दुसऱ्या कुठल्याच हाडाला जोडलेलं नाही, स्नायूंच्या दोऱ्यांवर टांगलेलं. आपण जागे असतो तोवर स्नायू ही वाट ताणून उघडी धरतात. झोप लागली की ते सैलावतात. वाट मुळात रुंद असेल तर काही बिघडत नाही. अरुंद असेल तर मिटते.

आणि अरुंद का होते? इथे माझी ती मापं येतात. जिभेला हाड नसतं हे मला माहीत होतं, तिच्यात चरबी साठते हे माहीत नव्हतं. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी एमआरआय काढून हे मोजलंय. २०२०मध्ये त्यांनी दाखवलं, की वजन घटल्यावर श्वास सुधारतो त्यात सगळ्यात मोठा वाटा जिभेतली चरबी घटण्याचा असतो. जिभेचे चोचले जिभेतच साठून राहतात, हे वाचून मला रागवावं की हसावं कळेना. पोटाची चरबी दुसऱ्या बाजूने काम करते. माणूस आडवा झाला की ती छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याला वर ढकलते, फुप्फुसं आखडतात आणि श्वासनलिकेला खालून जो ताण असतो तो ढिला पडतो. ताणलेली नळी सहज दबत नाही, ढिली पडलेली दबते. म्हणून या आजारात नुसत्या वजनापेक्षा टेपला मान आहे. पुरुषाचा गळा ४३ सेंटीमीटर, म्हणजे १७ इंच, आणि बाईचा ४१ सेंटीमीटर, म्हणजे १६ इंच, याच्या आसपास गेला की डॉक्टर सावध होतात. माझा गळा बरोबर सीमारेषेवर उभा होता. त्यातही गंमत अशी, की दिवसभर खुर्चीत बसून पायांत उतरलेलं पाणी रात्री आडवं झाल्यावर वर सरकतं आणि त्यातलं थोडं गळ्याभोवती जमतं. मोज्याची खूण संध्याकाळी घोट्यावर उमटते, ते पाणी पहाटे कुठे असतं याचा विचार मी तरी कधी केला नव्हता. घरी मी आठवडाभर सकाळ-संध्याकाळ गळा मोजला. कधी फरक यायचा, कधी नाही. बायको म्हणाली, आता एवढंच राहिलं होतं.

बीएमआयचं मात्र मला कायम नवल वाटत आलंय. माझा ३१.९ होता. किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग, इतकं ते सरळ गणित. हे गणित मांडलं बेल्जियमच्या क्वेटलेट यांनी, १८३०च्या दशकात, आणि ते होते खगोलशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ. त्यांना हजारो माणसांच्या आकड्यांतून 'सरासरी माणूस' हुडकायचा होता. एका माणसाला समोर उभं करून "तू जाडा" म्हणायचा त्यांचा बेत नव्हता. बीएमआय हे नाव तर १९७२मध्ये आलं, अमेरिकेतल्या अँसेल कीज यांच्या लेखातून. त्यानंतर आकड्यांच्या रेघा पडल्या, २५ला जादा वजन आणि ३०ला स्थूलपणा. २००४मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी सांगितलं, की आशियाई लोकांत कमी बीएमआयलाही चरबीचे त्रास दिसतात, त्यांच्यासाठी २३ आणि २७.५ या पायऱ्या धराव्यात. म्हणजे माणूस तोच, वजन तेच, रेघ सरकली की तो दुसऱ्या खोलीत जाऊन बसतो. चरबी कुठे आहे, स्नायू किती आहेत, हनुवटी कशी आहे, यातलं त्या भागाकाराला काही ठाऊक नाही.

डॉक्टरांनी मला डायटिशियनकडे पाठवलं. मी मनाची तयारी करून गेलो होतो की आता खाण्यावरून बोलणी बसणार. बाईंनी एकही शब्द सुनावला नाही. म्हणाल्या, "काल सकाळी उठल्यापासून आज सकाळी उठेपर्यंत पोटात काय काय गेलं ते क्रमाने सांगा." मी सांगितलं. सकाळचं, दुपारचं, संध्याकाळचं, रात्रीचं, अगदी शहाण्या मुलासारखं. त्यांनी लिहून घेतलं, पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "आणि रात्री उठून?" मी गप्प. रात्री दोन-अडीचला फ्रिजचं दार अर्धवट उघडून, दिवा न लावता, त्या पांढऱ्या उजेडात उभ्याने खाल्लेलं माझ्या हिशेबात कुठेच नव्हतं. मी ते विसरलो नव्हतो. पण ते मी खाल्लं असं मला वाटतच नव्हतं. इथेही पोट आत ओढणं चालूच होतं म्हणायचं.

मग त्यांनी असं काही मोजलं जे यापूर्वी माझं कोणी मोजलं नव्हतं. दंडाचा घेर घेतला. दंडाच्या मागच्या बाजूची कातडी चिमटीत उचलून तिला एक यंत्रातला चिमटा लावला आणि घडीची जाडी वाचली. या दोन आकड्यांवरून दंडात स्नायू किती आणि चरबी किती, याचा अंदाज बांधता येतो. हातात एक दांडा देऊन म्हणाल्या, "जीव खाऊन दाबा." मी जीव खाऊन दाबला. काट्याकडे बघून त्यांनी दुसरा हात मागितला, मग पुन्हा पहिला. रक्ताचा रिपोर्ट शेजारी ठेवला, त्यात ड जीवनसत्त्व तळाला गेलेलं. शेवटी म्हणाल्या, "शरीरात साठा भरपूर आहे, पोषण कमी आहे." मी म्हटलं, "म्हणजे मी कुपोषित?" मी विनोद करायला गेलो होतो. त्यांनी मान हलवली, "त्याचाच एक प्रकार." चरबी भरपूर, स्नायू कमी, अन्न भरपूर, त्यातलं कामाचं कमी. इतकी वर्षं मला 'खात्यापित्या घरचा' म्हणणाऱ्या सगळ्यांना तो कागद दाखवावा असं वाटलं. नुसतं कमी खाऊन वजन उतरवलंत तर चरबीबरोबर स्नायूही जातील, म्हणून आधी प्रथिनं वाढवायची, अंगाला थोडं वजन उचलायची सवय लावायची, असं त्यांचं म्हणणं. मी गेलो होतो खाणं तोडून घ्यायला, आलो ते अमुक अमुक जास्त खा म्हणून ऐकून.

झोप आणि भूक यांचं साटंलोटं त्यांनीच समजावलं. चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचं संप्रेरक सोडतात, ते मेंदूला सांगतं की पुरे. पोट ग्रेलिन सोडतं, ते सांगतं की आण. २००४मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बारा निरोगी तरुणांना दोन रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं. त्यांच्यात लेप्टिन १८ टक्क्यांनी उतरलं, ग्रेलिन २८ टक्क्यांनी चढलं आणि भूक वाढली, त्यातही गोड, खारट, पिठूळ पदार्थांची ओढ जास्त. आता माझी गोष्ट अगदी त्या तरुणांसारखी नाही. जाड माणसात लेप्टिन उलट भरपूर असतं, फक्त मेंदू ते ऐकेनासा होतो. कान किटून जावेत तसं. पण फ्रिजच्या उजेडात उभा असलेला माणूस मला त्या दिवशी जरा वेगळा दिसला. वजन वाढलं म्हणून श्वास अडकला, श्वास अडकला म्हणून झोप मोडली, झोप मोडली म्हणून खाल्लं, खाल्लं म्हणून वजन वाढलं. यात माझा दोष नेमका कुठून धरायचा? अजिबात नाही असंही म्हणवत नाही. फ्रिजचं दार संप्रेरकांनी उघडलं नव्हतं.

इथपर्यंत गोष्ट माझी होती. ताईची नंतर सुरू झाली, किंवा खरं म्हणजे आधीपासून चालू होती आणि आम्हाला कोणालाच दिसली नव्हती.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. काडीसारखी. लहानपणापासून तिच्याबद्दल एकच वाक्य, "खाल्लेलं हिच्या अंगाला लागत नाही." पाळी गेल्यानंतरच्या गेल्या काही वर्षांत ती फारच थकली. सकाळी उठते तीच डोकं धरून. दुपारी पुस्तक हातात घेतलं की डोळे मिटतात. रात्री तीन-तीनदा लघवीला उठते. साखर तपासली, लघवी तपासली, काही नाही. लोहाच्या गोळ्या झाल्या, टॉनिकं झाली, "वय झालं आता" झालं. एकटी राहते, त्यामुळे ती घोरते की नाही हे सांगणारं कोणी नाही. ती आमच्याकडे चार दिवस राहायला आली होती. माझं मशीन (रात्री मास्कमधून हवा सोडून गळ्याची वाट उघडी ठेवणारं) तेव्हा चालू झालेलं, त्यामुळे बायकोला बऱ्याच वर्षांनी शांत झोप मिळू लागली होती आणि म्हणूनच तिसऱ्या रात्री ती जागी झाली. पलीकडच्या खोलीतून हलकं घोरणं, मग शांतता. मग बराच वेळ शांतताच. मग बुडणारा माणूस पाण्यावर यावा तसा एक धापेचा आवाज. सकाळी ती मला म्हणाली, "ताईंना घेऊन जा. ती शांतता माझ्या ओळखीची आहे."

मी हसलो होतो, हे लिहायला हवं. ताईला? तिचा गळा माझ्या मनगटाएवढा!

दवाखान्यात तिला आठ प्रश्नांचा एक कागद भरायला दिला. कॅनडात टोरांटोच्या भूलतज्ज्ञांनी २००८मध्ये तयार केलेली ही प्रश्नावली बऱ्याच ठिकाणी वापरतात. मोठ्याने घोरता का, दिवसा थकवा असतो का, झोपेत श्वास थांबल्याचं कोणी पाहिलंय का, रक्तदाब आहे का. आणि उरलेले चार म्हणजे बीएमआय ३५च्या वर आहे का, वय ५०च्या वर आहे का, गळा जाड आहे का, पुरुष आहात का. तीन किंवा जास्त 'हो' आले तर संशय घ्यायचा. ताईचे दोन आले, थकवा आणि वय. श्वास थांबल्याचं पाहिलेलं नव्हतं, ऐकलेलं होतं, म्हणून तिने तिथे 'नाही' लिहिलं. सरळमार्गी बाई. कागदाच्या हिशेबाने तिला धोका कमी. प्रश्नावली वाईट आहे असं मी म्हणत नाही, तिच्यामुळेच तर माझ्यासारखे चटकन सापडतात. पण तो कागद टेबलावर पडलेला बघून मला कसंतरी झालं. मी जाडा म्हणून आयुष्यभर बोलणी खाल्ली, आणि जाडा होतो म्हणूनच मला कोणीतरी टेस्टला पाठवलं. तिला कोणी बोललं नाही, आणि कोणी पाठवलंही नाही.

सुदैवाने डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवला आणि तिला खुर्चीत आडवी बसवून बाजूने बघितली. नुसती बघितली. मग म्हणाले, "हनुवटी मागे आहे." आमच्या घरात तिला 'आजीची हनुवटी' म्हणतात. लहान, आत गेलेली, बोलताना ओठांखाली हरवणारी. जबडा लहान आणि मागे सरकलेला असला की जिभेला आत जागा उरत नाही, ती मागे सरकते आणि वाट अडवते. खोली लहान असली की बेताचं सामानही अडचण करतं. ताईची जीभ बाहेर काढून बघितली, चौथा वर्ग. टेस्ट केली, एएचआय २७. रात्रीच्या लघवीचाही उलगडा झाला. बंद गळ्याविरुद्ध श्वास ओढताना छातीत जी ओढ निर्माण होते तिने हृदयाचे कप्पे ताणले जातात. हृदयाला वाटतं रक्तात पाणी फार झालं, म्हणून ते पाणी बाहेर टाका असा निरोप देणारं संप्रेरक सोडतं. बिचारं मूत्राशय फुकट बदनाम झालं होतं.

घरी आल्यावर मी जुने फोटो काढले. मी नऊ वर्षांचा, ताई पंधरा वर्षांची, दोघं बाजूने उभे, कुठेतरी लांब बघतोय. दोघांना एकच हनुवटी. माझी पुढे गालांच्या आणि गळ्याच्या मांसात बुडून गेली आणि मीसुद्धा तिला विसरलो. रोज दाढी करतो तिथे, तरी.

तो फोटो मी बराच वेळ हातात धरून होतो. थोडं हलकं वाटलं, खोटं कशाला बोला. म्हणजे सगळं माझ्या खाण्यानेच झालं नव्हतं, हाडाचाही काही वाटा होता. आणि लगेच राग आला, की एवढं हलकं वाटायला मला ताईचा आजार लागावा?

मशीनने काय झालं ते थोडक्यात सांगतो. सीपॅप ही कल्पना १९८१मध्ये ऑस्ट्रेलियातल्या कॉलिन सुलिव्हन यांनी आणली. नाकावाटे हलक्या दाबाने हवा आत सोडत राहायची, म्हणजे ती मऊ वाट हवेच्याच आधाराने उघडी राहते. पहिल्या आठवड्यातच माझी सकाळ बदलली. पण वजन? मला वाटलं होतं झोप लागली की ते आपोआप उतरेल, त्या चक्राचं एक टोक तुटलं की दुसरं तुटणारच. तीन महिन्यांत दोन किलो वाढलं! डायटिशियन बाईंना नवल वाटलं नाही. मशीन लावलेल्यांत थोडं वजन वाढतं असं अभ्यासांत दिसलंय. रात्रभर श्वासासाठी चाललेली झटापट थांबली की तिच्यात जळणारी ऊर्जाही वाचते, हे एक कारण मानतात. कुस्ती संपली, खुराक तोच राहिला. पुढे मात्र नेटाने नऊ किलो उतरवले, दंडाचा घेर सांभाळून. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधल्या एका दीर्घ अभ्यासात २०००मध्ये दिसलं होतं, की वजन १० टक्के घटलं की एएचआय सरासरी २६ टक्के घटतो, १० टक्के वाढलं की ३२ टक्के वाढतो. माझा ३१वरून २१वर आला, मशीनशिवाय. सरासरीपेक्षा बरा. उरलेल्यातले काही आजीचे असावेत.

२०२४च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेने टिर्झेपटाइड या वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनला स्थूल माणसांच्या या आजारासाठी मंजुरी दिली, तेव्हा चार जणांनी मला बातमी पाठवली. ताईला कोणी पाठवली नाही. तिला उपयोगही नव्हता, तिच्यात उतरवण्यासारखं आहेच काय. उलट तिच्या खाण्याच्या कागदावर बाईंनी वजन वाढवायचं लिहिलंय, सांभाळून. एकाच आजाराची दोन भावंडं, एकाला कमी कर म्हणतात, एकीला वाढव म्हणतात, आणि रात्री दोघांच्या उशाशी एकच यंत्र.

ताईला मास्क लावायला मीच शिकवला. तिने पट्टा करकचून आवळला, गालावर वळ उठेपर्यंत, तरी हवा डोळ्यांकडे फुसफुसत होतीच. पट्टा जितका आवळावा तितका मास्क वेडावाकडा होतो आणि हवा सुटते, हे मला शिकायला महिना लागला होता. मी पट्टा ढिला केला, तिच्या गालाच्या आणि पट्ट्याच्या मध्ये माझी दोन बोटं घातली आणि तेवढ्यावर थांबलो. फुसफुस बंद झाली. मास्कमधून बोलता येत नाही नीट, नाकात हवा भरलेली असते, पण ती काहीतरी पुटपुटली. मी मशीन बंद केलं. म्हणाली, "आत्याची आठवण झाली."

परवा सहा महिन्यांच्या तपासणीला गेलो. तीच मुलगी, तीच खोली, टेबलाशी मात्र दुसरा मुलगा. मी पक्कं ठरवून गेलो होतो, की यावेळी नीट उभं राहायचं, सैल. वजन झालं. गळा झाला, ४१. मग टेप कमरेशी आली, कातडीला थंड टेकली आणि पोट गेलंच आत. माझं मलाच कळलं, पण बाहेर काही सोडवेना. ती टेप धरून थांबली. मी वाट बघत होतो की आता म्हणेल. ती म्हणाली, "तुमच्या ताई कशा आहेत हो? लावतात का मास्क?"

"लावते, पण रोज एकदा माझ्याशी भांडल्याशिवाय नाही," मी म्हटलं, "काल तर म्हणे..."

"अठ्ठ्याण्णव," ती पलीकडच्या मुलाला म्हणाली.